भुताला गुडघे किती हवेत?

"मामा, मी काहीच नाही केलं. फक्त वळवून राहिलो होतो."

भाच्याच्या एका हातात फ्रेडी क्रूगर आणि दुसऱ्या हातात फ्रेडीचा उजवा पंजा. तोच, 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' या भयपटातला, चार पात्यांचा. मे महिन्यातली दुपार, कूलर घरघरतोय, आणि नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या घरच्या काचेच्या कपाटातला माझा सगळ्यात लाडका राक्षस मनगटातून मोडलेला. आतून आईचा आवाज आला, "चला, एक भूत तरी कमी झालं." तिला हा छंद कधीच पटला नाही. भयपटातल्या ॲक्शन फिगर, म्हणजे हातपाय हलणाऱ्या प्लास्टिकच्या छोट्या मूर्ती, जमवणारा चाळिशीतला मुलगा म्हणजे तिच्या लेखी घरातली एक कायमची तक्रार.

पोराला रागावून उपयोग नव्हता. मी व्हर्नियर काढून मोडलेली जागा मोजली. फिगर सात इंची, म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण एक दशांश. माणसाचं मनगट ६ सेंटिमीटर रुंद धरलं तर फिगरचं ६ मिलिमीटर. पंजा फिरावा म्हणून त्या ६ मिलिमीटरच्या आत एक खुंटी बसवलेली, ती ३ मिलिमीटरची. आता दांडीची जाडी निम्मी केली की पीळ सोसायची ताकद निम्मी होत नाही, आठव्या हिश्शावर येते. त्यात रंगवताना रंग सांध्यात उतरून वाळलेला आणि सांधा चिकटून बसलेला. पोरानं जोर लावला, तेव्हा सांधा सुटायच्या आधी खुंटीच गेली.

"मग इतकं बारीक काऊन बनवते? जाड बनवायचं ना," तो म्हणाला.

प्रश्न बरोबर होता. जाड मनगट मजबूत झालं असतं, पण मग तो फ्रेडी न दिसता बॉक्सिंगचे हातमोजे घातलेला कुणी दिसला असता. आणि मनगट बारीकही ठेवायचं आणि मजबूतही, तर खुंटी काढून पंजा हाताला अखंड जोडावा लागला असता. मग तो वळलाच नसता. फिगर हुबेहूब दिसावी आणि हवी तशी उभीही करता यावी, या दोन्ही मागण्या त्याच ६ मिलिमीटरवर हक्क सांगतात. हे भांडण सगळ्याच ॲक्शन फिगरमध्ये असतं, पण भयपटाच्या फिगरमध्ये ते जितकं चिघळतं तितकं कुठेच नाही. ते का, हे भाच्याला समजावता समजावता मलाच नीट उमगलं, म्हणून लिहितोय.

स्वतःचा हात सरळ करा आणि कोपराची मागची बाजू बघा. तिथली कातडी सैल, सुरकुतलेली असते. चिमटीत धरून ओढली तरी दुखत नाही. आता हात दुमडा. ती सगळी सैल कातडी ताणून गुळगुळीत झाली, आणि आतल्या बाजूचं मांस एकमेकांवर दाबलं गेलं. आपण वाकतो ते हाडांच्या सांध्यांमुळे, पण वाकल्यावर धड दिसतो ते कातडीमुळे. प्लास्टिकच्या माणसाला सांधे देता येतात. ताणणारी, दाबली जाणारी कातडी मात्र देता येत नाही, आणि सगळी पंचाईत तिथे आहे.

शाळेतलं विज्ञानाचं पुस्तक आठवत असेल तर खांद्याला उखळीचा सांधा आणि कोपराला बिजागरीचा, हे पाठ केलेलं असेल. फिगरमध्येही तेच असतात. उखळीच्या सांध्याला जमवणारे लोक बॉल जॉइंट म्हणतात, बिजागरीला हिंज, आणि नुसत्या गोल फिरणाऱ्या कापाला स्विव्हल. यातला कुठलाही सांधा घातला की दोन गोष्टी द्याव्याच लागतात: वरच्या पृष्ठभागावर एक काप, आणि आत हलायला रिकामी जागा. कोपर दुमडायचं असेल तर कोपराच्या आतल्या बाजूचं प्लास्टिक आधीच कोरून टाकावं लागतं, कारण ते दाबलं जाणार नाही. म्हणून हात सरळ असतानाही तिथे उंदरानं कुरतडल्यासारखी खाच दिसते. हात दुमडला की मागच्या बाजूला भेग उघडते. एका बिजागरीनं हात जेमतेम काटकोनात येतो. त्याहून जास्त हवं तर एकाखाली एक अशा दोन बिजागऱ्या बसवतात, ज्याला डबल जॉइंट म्हणतात, आणि मग त्या दोघींच्या मध्ये सुपारीएवढाही नाही असा एक वेगळाच तुकडा येऊन बसतो. शिल्पकारानं खांद्यापासून मनगटापर्यंत बाहीच्या चुण्या एका ओघात उतरवलेल्या असतात. त्या चुणीच्या वाटेत हा तुकडा आला की चुणी तिथे तुटते.

तंग पोशाखातल्या सुपरहिरोला हे सगळं खपून जातं. कपडा अंगाला चिकटलेला, रंग सपाट, आणि पोशाखावर आधीच रेषा आखलेल्या. काप त्या रेषेवर आणून ठेवला की डोळ्याला लागत नाही. भयपटातल्या पात्राची सारी भीती मात्र पृष्ठभागावर असते. जळून आकसलेली कातडी, ओला मातकट शर्ट, टाके घातलेला चेहरा, सोललेलं मांस, यात एकही सरळ रेषा नाही. अशा अंगावर सांध्याचा काप म्हणजे कुणीतरी कंपास ठेवून वर्तुळ काढल्यासारखा दिसतो. जखमेच्या मधोमध वर्तुळ दिसलं की डोळा म्हणतो, अरे हे खेळणं आहे. झालं, भीती गेली.

बरं, कापाच्या दोन्ही बाजू रंगानं जुळवाव्या म्हटलं तर तेही टिकत नाही. खोलगट जागी साचणारा पातळ काळपट रंग, ज्याला वॉश म्हणतात, तोच तर सुरकुत्यांना जिवंत करतो. पण गुडघा दुमडला की आजवर आत लपलेलं प्लास्टिक बाहेर येतं आणि तिथे वॉश पोचलेलाच नसतो. पोचला असेल तर दहा वेळा घासून उडतो. माझ्या कपाटात एक झोम्बी आहे, त्याच्या मांडीवर सुंदर कुजका हिरवट रंग आहे आणि गुडघ्यात पेपरमिंटच्या गोळीसारखा पांढरा. मी त्याला बसवतच नाही.

याच्या खाली आणखी एक भांडण आहे, आणि ते डब्यावर कुठे लिहिलेलं नसतं: प्लास्टिकचं.

बारकावा आणि सांधा यांना वेगवेगळी प्लास्टिकं मानवतात. मोदकाचा साचा डोळ्यासमोर आणा. दोन पाकळ्या उघडल्या की मोदक सुटतो, कारण त्याच्या कळ्या बाहेरच्या दिशेनं निमुळत्या आहेत. समजा मोदकाला एखादा आकडा काढला, आत वळलेला. साचा उघडताना तो आकडा अडकेल आणि तुटेल. खेळण्यांचे साचे पोलादाचे असतात, म्हणजे ते स्वतः तसूभर वाकत नाहीत. खोल चुण्या, फाटक्या कपड्याची वळलेली किनार, उघडा जबडा, हे सगळे तसले आकडेच. त्यातून सुटायचं तर आतला ऐवज मऊ पाहिजे, थोडं ओढून काढता येईल असा. म्हणून बारकाव्याचे भाग मऊ पीव्हीसीत ओततात. पीओपीच्या गणपतींचं काम कधी बघितलं असेल तर तिथे बरोबर उलटं दिसतं: मूर्ती कडक, म्हणून साचा रबराचा, सोलून काढता येणारा. दोघांपैकी एकाला मऊ व्हावंच लागतं.

आता सांध्याला काय हवं? कडकपणा. खुंटी आणि खळगा दोन्ही घट्ट, आकार न बदलणारे, एकमेकांवर नेमके घासणारे. त्यासाठी एबीएस हे टणक प्लास्टिक चांगलं, किंवा पीओएम नावाचं गुळगुळीत प्लास्टिक, जे झिजत नाही पण त्यावर रंगही धड धरत नाही. म्हणजे ज्या प्लास्टिकवर कातडी छान उतरते त्याचे सांधे लिबलिबीत होतात, आणि ज्याचे सांधे छान होतात त्यावर कातडी उतरत नाही. मग कारखाने दोन्ही मिसळतात: सांगाडा कडक, वरचं कवच मऊ. पण असा प्रत्येक भाग म्हणजे साच्यात वेगळं घर, वेगळी जुळवणी, वेगळा हात रंगाचा. पोलादी साचा कोरणं हा या धंद्यातला मोठा खर्च. कंपनीकडे ठरावीक पैसे असतात. ते दहा सांध्यांवर घालायचे की चेहऱ्याच्या रंगाच्या तीन जास्तीच्या थरांवर, हे कुणीतरी टेबलावर बसून ठरवतं. आपण दुकानात "याचे डोळे तिरळे का" म्हणतो तेव्हा उत्तर कधी कधी गुडघ्यात असतं.

आकारानंही गणित फिरतं. फिगर दुप्पट उंच केली की वजन आठपट होतं, आणि हात दुप्पट लांब झाल्यामुळे पसरलेल्या हाताचा खांद्यावरचा भार सोळापट. सांध्याची पकड मात्र, प्लास्टिक तेच असेल तर, आठपटच वाढते. म्हणून सहा इंची फिगर हात वर करून वर्षभर उभी राहते, आणि मोठ्या फिगरचा हात तसाच सोडला तर दिवसभरात खाली उतरतो, झोप लागल्यासारखा. मोठ्यांना मग दातेरी सांधे द्यावे लागतात, कटकट आवाज करत टप्प्याटप्प्यानं अडकणारे. ते भार पेलतात, पण दोन दातांच्या मधली पोज मिळत नाही. डोकं किंचित, अगदी किंचित तिरकं हवं असेल आणि ते एकदम जास्तच तिरकं किंवा सरळच राहत असेल, तर समजा दात आडवे आलेत.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात हाच लंबक इकडून तिकडे जाताना दिसतो. १९६४ मध्ये हॅस्ब्रोनं जी. आय. जो आणला. मुलग्यांसाठी बाहुली म्हणायची लाज, म्हणून ॲक्शन फिगर हा शब्द त्याच्यापासून रुळला. त्याला हलणारे २१ भाग होते आणि अंगावर खरे कपडे, म्हणजे सांधे झाकलेले. १९७८ मध्ये केनरनं पावणेचार इंची स्टार वॉर्सच्या फिगर काढल्या, त्यांना मान, दोन खांदे, दोन मांड्या, एवढेच पाच सांधे. स्वस्त, खिशात मावणाऱ्या. त्याच केनरनं १९७९ मध्ये 'एलियन' सिनेमातला परग्रहावरचा राक्षस १८ इंची करून बाजारात आणला. सिनेमा मोठ्यांचा आणि खेळणं लहानांचं, त्यामुळे आईबाप बिथरले. आज तीच फिगर जमवणारे शोधत फिरतात. मग १९९४ मध्ये टॉड मॅकफार्लन या कॉमिक्सच्या चित्रकारानं स्वतःची खेळण्यांची कंपनी काढली आणि लंबक पार दुसऱ्या टोकाला नेला: शिल्प आधी, सांधे जमले तर. १९९८ ची त्यांची मूव्ही मॅनिएक्स ही मालिका, ज्यात फ्रेडी, जेसन आणि लेदरफेस हे भयपटांतले खुनी आले, आजही चेहऱ्यांसाठी वाखाणली जाते. उभं करायला गेलं तर ती माणसं एकाच पोजमध्ये जन्मलेली. जपानच्या कायोदोनं २००६ मध्ये रेव्होल्टेक आणलं, त्यात दातेरी गोळ्यांचे सांधे, अंग पाहिजे तसं पिरगाळा. पुढे त्यात एलियनही आला. अलीकडे नेकासारख्या कंपन्यांच्या सात इंची फिगर मध्यावर येऊन थांबल्यात. सांधे बऱ्यापैकी, शिल्प उत्तम, आणि डब्यात जास्तीची डोकी.

लोक एक चूक करतात ती इथे सांगायला हवी. सांधे मोजतात. अमक्याला तीस आहेत, तमक्याला बावीसच. पण खांद्याचा उखळीचा सांधा एक मोजायचा, की वर-खाली आणि गोल असे दोन? ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं मोजावं. आणि सांधा आहे म्हणजे हलतो असंही नाही. जाड कोटाची बाही कोपराला आडवी आली की आतला डबल जॉइंट नुसता शोभेचा. माझ्या मते आकडा बघूच नये. प्रश्न असा विचारावा: हे पात्र सिनेमात नेमकं काय करतं तेव्हा आपल्याला भीती वाटते?

मायकेल मायर्स घ्या. १९७८ च्या 'हॅलोवीन'मधला खुनी. मुखवटा 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, पांढरा रंगवलेला. हा माणूस पळत नाही, उड्या मारत नाही, ओरडत नाही. भिंतीला सुरीनं खिळवलेल्या माणसाकडे तो डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे तिरकं करून बघतो, एखादं चित्र सरळ टांगलंय का ते बघावं तसा. एवढंच, आणि घशाला कोरड पडते. त्याच्या फिगरला मला एकच सांधा पहिल्या दर्जाचा हवा: मान, आणि तीही कलणारी. नुसती डावी-उजवी फिरणारी मान त्याला नाही चालत. फिरणाऱ्या मानेनं माणूस रस्ता ओलांडताना दिसतो. गुडघे अखंड दिले तरी मी तक्रार करणार नाही, उलट बॉयलर सूटच्या चुण्या न तुटता खालपर्यंत जातील.

लेदरफेसचं उलटं. १९७४ च्या 'द टेक्सस चेन सॉ मॅसेकर'च्या शेवटी तो उन्हात साखळी करवत फिरवत गिरक्या घेतो. करवत दोन हातांनी धरायची, म्हणजे दोन्ही हात छातीसमोर एकत्र आले पाहिजेत. ऐकायला सोपं वाटतं, पण साध्या उखळीच्या खांद्यानं हात वर-खाली आणि बाजूला जातो, छातीच्या पुढे आत येत नाही. त्यासाठी खांद्याच्या आत आणखी एक सांधा लागतो, बटरफ्लाय जॉइंट म्हणतात त्याला, जो सगळा खांदाच पुढे ढकलतो. तो घातला की छाती आणि काखेमध्ये मोठी फट पडते. पण लेदरफेसला ॲप्रन आहे. फट ॲप्रनच्या पट्ट्याखाली लपवता येते. त्याला तो सांधा द्यावाच, नाहीतर करवत एका हातात छत्रीसारखी धरून उभा राहतो बिचारा.

एलियन या बाबतीत नशीबवान. एच. आर. गिगरनं ते जनावर अर्धं हाडाचं, अर्धं नळ्यांचं कल्पिलं. फासळ्या, कड्या, वेटोळी, सगळ्या अंगावर आधीच जोड दिसतात. तिथे सांधा घातला तर तो सांधा न वाटता अंगाचाच भाग वाटतो. त्याची अडचण दुसरी: लांबलचक डोकं पुढे ओढतं, मान झुकते, आणि उभं राहायला शेपटी जमिनीला टेकवावी लागते. 'चाइल्ड्स प्ले'मधला चकी तर आणखी मजेशीर. तो मुळात बाहुलीच आहे, त्यामुळे त्याच्या हातापायाला जोड दिसले तर कथेशी इमान राखल्यासारखंच होतं. आणि 'हेलरेझर'मधल्या पिनहेडचा लांब चामडी झगा? आत पायांना कितीही सांधे द्या, झगा त्यांना हलू देणार नाही. ते पैसे डोक्यावरच्या खिळ्यांवर घालावेत.

आपल्याकडे समजा उद्या कुणी 'तुंबाड'मधल्या हस्तरची फिगर काढली. मी रोज रात्री झोपताना हा आराखडा मनात काढतो, हसू नका. तो दबा धरून बसलेला हवा, हात जमिनीला टेकलेले, आणि वर आपल्याकडे बघणारा. इथे बहुतेक फिगर मार खातात. धड जमिनीला समांतर झालं की समोर बघायला मान चांगली पाठीमागे वाकावी लागते. आणि मानेमागे खांद्याचे स्नायू, नाहीतर लांब केस, नाहीतर कॉलर आडवी येते. परिणाम असा की झडप घालायला बसलेला राक्षस फरशीवर पडलेलं पाच रुपयांचं नाणं शोधत असल्यासारखा खाली बघत राहतो. हस्तरच्या मानेला दोन सांधे हवेत, एक कवटीच्या तळाशी आणि एक मानेच्या मुळाशी. मांड्यांच्या कापांची चिंता नाही, वर लंगोट आहे आणि त्यात मोहरा आहेत. लंगोट मऊ पीव्हीसीचा केला की खालचे सांधे झाकले. फिगरवाले हीच युक्ती एरवी पट्टे, पदर, चिंध्या वापरून करतात.

मी हे सगळं सांगत असताना भाचा मधेच म्हणाला, "मारबतीला तर एकही सांधा नसते, तरी भेव वाटते." खरं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, निघतात तेव्हा "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत जो लोंढा इतवारीच्या गल्ल्यांतून वाहतो, त्यात कुणाला तिचं कोपर दुमडतं का हे बघायची गरज पडत नाही. एकच पोज, पण ती पोज बरोबर निवडलेली. शिवाय ती लांबून बघायची असते, आणि संध्याकाळी जाळायची असते. जे हातात घ्यायचं नाही त्याला सांधे नकोतच. त्याच दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घेऊन फिरतात. चार पाय, गुडघा एकही नाही, खाली चाकं. नंदी चालतो की नाही? चालतो.

कापडाचा मार्ग मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण हल्ली त्याचं फार कौतुक चालतं. सांध्यांचं अंग बनवा आणि वर खरे कपडे शिवा. मेझकोच्या एक बारांश प्रमाणातल्या आणि हॉट टॉइजच्या एक षष्ठांश प्रमाणातल्या फिगर याच वाटेनं जातात. आपल्या घरोघरी हे तंत्र शतकानुशतकं चालू आहे. महालक्ष्म्या बसवतो तेव्हा मुखवटा पितळेचा, कोरीव, देखणा. खाली नुसता स्टँड नाहीतर कोठी. त्यावर आई तासभर खपून नऊवारी नेसवते आणि स्टँड नाहीसा होतो. पण महालक्ष्मी मोठी असते, म्हणून साडी साडीसारखी पडते. आईनं एकदा हौसेनं वीतभर बाहुलीला जुन्या ब्लाउजपीसची साडी नेसवली होती. निऱ्या पुठ्ठ्यासारख्या बाहेर उभ्या राहिल्या. प्रमाण लहान केलं म्हणून सुताची जाडी लहान होत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा टाका एक बारांश प्रमाणात ६ मिलिमीटरचा होतो, म्हणजे शर्ट सुतळीनं शिवल्यासारखा. फ्रेडीचं लाल-हिरव्या पट्ट्यांचं स्वेटर विणून केलं तर विणच पट्ट्याएवढी दिसते. त्यापेक्षा कोरलेलं स्वेटर बरं. त्याचे पट्टे आडवे आहेत, तेव्हा कमरेचा काप दोन पट्ट्यांच्या सीमेवर ठेवला तर डावी-उजवीकडे वळवूनही सापडत नाही. पुढे वाकवलं की सापडतो, पण फ्रेडी कुणाला वाकून नमस्कार करणार आहे?

कातडी ताणणारी हवी तर सिलिकॉनचं अखंड अंग असतं, आत धातूचा सांगाडा. बाहेरून एकही काप नाही. बघितल्यावर वाटतं, सुटला प्रश्न. पण ती कातडी गडद कपड्यांचा रंग शोषते, टोकदार वस्तूनं फाटते, आणि कोपर महिनोन्महिने दुमडून ठेवलं तर तिथेच चिरते. लहान आकारात ते परवडतही नाही.

आणि चेहरा तर कुणालाच हलवता येत नाही. म्हणून जास्तीची डोकी: एक शांत, एक ओरडणारं, एक मुखवटा काढलेलं. पंजेही तसेच, एक मुठीचा, एक पसरलेला. ही मला सगळ्यात प्रामाणिक तडजोड वाटते. सांधा घालून शिल्प बिघडवण्यापेक्षा अख्खा तुकडाच बदला. फक्त दर वेळी मनगटाची खुंटी उपसायची आणि खुपसायची, म्हणजे पुन्हा तेच ३ मिलिमीटर.

नागपूरकरांसाठी एक वेगळं सांगणं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं बंद काचेचं कपाट त्याहून तापतं. मऊ पीव्हीसी वितळत नाही, पण हळूहळू शरण जातं. पाय फाकवून, अंग पुढे झुकवून ठेवलेली फिगर होळीला ताठ असते आणि पहिल्या पावसापर्यंत कपाटाच्या काचेला नाक लावून उभी. सांधे घट्ट असूनही हे होतं, कारण सांध्याऐवजी घोटाच वाकलेला असतो. उन्हाळ्यात मी सगळ्यांना सरळ, पाय जुळवून, शाळेच्या प्रार्थनेसारखं उभं करतो. ज्यांचं डोकं जड आहे त्यांना आडवं झोपवतो. वाकलेला घोटा गरम पाण्यात मऊ करून, सरळ धरून, थंड पाण्यात बुडवला की बहुधा सुधारतो.

चिकटलेल्या सांध्यालाही गरम पाणीच. नवी फिगर डब्यातून काढली की कुठलाही सांधा जोरानं वळवू नका. पाणी चांगलं गरम, उकळतं नाही, त्यात अर्धा-एक मिनिट धरा. नाहीतर हेअर ड्रायर. मग हळूच इकडे, हळूच तिकडे. "टक्" झालं आणि हलला तर रंगाचा पापुद्रा सुटला. नाहीच हलला तर पुन्हा पाण्यात. हे मला माहीत होतं, भाच्याला नव्हतं, आणि कपाटाची किल्ली मी टेबलावर ठेवून झोपलो होतो.

फ्रेडीचं काय केलं ते सांगतो. दोन मार्ग होते. पंजा एपॉक्सीनं कायमचा चिकटवायचा, फट भरायची, घासून वरून रंगवायची. सोपं काम, आणि दिसलंही अप्रतिम असतं, कारण सांधाच राहिला नसता. कपाटातल्या दुसऱ्या कुणाचं मनगट असतं तर मी तेच केलं असतं. पण फ्रेडी बोटं हवेत नाचवतो, पाती एकमेकांवर घासतो, पंजा उलटा करून समोरच्याला दाखवतो. त्याची सगळी मस्ती त्या एका मनगटात आहे. तेव्हा हातड्रिलनं दोन्हीकडे बारीक भोक पाडलं, मोडलेल्या खुंटीच्या जागी पोलादी तार कापून घातली, एका बाजूला चिकटवली, दुसरी मोकळी ठेवली. रविवार गेला त्यात. भोक पहिल्यांदा तिरकं पडलं ते वेगळंच.

दोन दिवसांनी भाच्यानं वळवून बघितला. फिरला, छान घट्ट. पहिल्याच फेरीत मनगटावरचा जळका तपकिरी रंग गोल निघून आला आणि खालचं पांढरं प्लास्टिक चकाकायला लागलं.

"मामा," तो म्हणाला, "बांगडी घातल्यावानी दिसून राहिला."